शिळा, सोहळा आणि स्मृती

आपल्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेत गेली काही वर्षे एक विषय पुनःपुन्हा निघत असतो. ज्ञातीतील थोर पुरुषांचे उचित स्मारक व्हावे, सभागृहाच्या दर्शनी भागी अर्धपुतळा बसवावा, प्रतिवर्षी त्यास पुष्पहार अर्पण करण्याचा समारंभ व्हावा, अशी सूचना कोणी तरी मांडतो आणि सभा टाळ्यांच्या गजरात तिचे स्वागत करते. सूचनेमागील भावना आदरणीयच आहे. तथापि स्मारक हे नेमके कोणाची स्मृती राखते, ती कशी राखते आणि कोणती स्मृती नकळत पुसून टाकते, याचा थोडा ऐतिहासिक विचार आधी झाला तर निर्णय करणे सोपे जाईल, असे आम्हांस वाटते. संपादक मंडळाने लेखाची आज्ञा केली तेव्हा हाच विषय आम्ही मुद्दाम निवडला. शाळेत मुलांना इतिहास शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. संशोधकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. सर्वांस थोड्याबहुत ठाऊक असलेल्या गोष्टी एका सूत्रात मांडून त्यांतून निघणारा बोध ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

वीरगळांची साक्ष

स्मारके उभारण्याची रीत इंग्रजांनी आणली, असा एक समज आढळतो. चौथऱ्यावरील पुतळा रस्त्याच्या मध्यभागी उभा करण्याची चाल इंग्रजी अमदानीत रूढ झाली, हे खरे. परंतु पडलेल्या वीराच्या नावे शिळा उभी करण्याची प्रथा आपल्याकडे फार प्राचीन आहे. महाराष्ट्रातील असंख्य गावांत, वेशीपाशी अथवा महादेवाच्या देवळाच्या आवारात, वीरगळ उभे आहेत. शिळेचे बहुधा तीन-चार भाग पाडलेले असतात. खालच्या भागात धारातीर्थी पडलेला वीर, त्याच्या वर लढाईचा प्रसंग, त्याच्या वर अप्सरा त्यास स्वर्गी नेत आहेत आणि सर्वांत वर तो शिवलिंगाच्या पूजेस बसला आहे, असा क्रम असतो. माथ्यावर चंद्र व सूर्य कोरलेले असतात. ते आकाशात आहेत तोवर ही कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. तेराव्या शतकातील शिलाहार व यादव यांच्या झुंजीशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात.

परंतु महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. ज्याच्यासाठी ती शिळा घडविली तो कोण, हे घडविणाऱ्यांस ठाऊक होते. त्यांच्या मुलानातवांसही ठाऊक असेल. पुढे दुष्काळ पडले, गावे उठली, नवी माणसे वस्तीस आली. कोणी त्या शिळेस शेंदूर फासला व तिचा देव झाला. कोणी ती पायरीस लावली. कोणी तिच्यावर धुणे धुतले. चंद्रसूर्य अद्याप माथ्यावर आहेत. वीराचे नाव मात्र गेले.

याउलट घरातील श्राद्धविधी पाहावा. तेथे शिळा नाही, पुतळा नाही. परंतु पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे घेऊन पिंड दिले जातात. वर्षातून एकदा का होईना, ती नावे मोठ्याने उच्चारली जातात व जवळ बसलेले पोर ती ऐकते. तीन पिढ्यांपलीकडील नाव तेथेही गळते, कारण ते लिहिलेले नसते. तात्पर्य, शिळा टिकाऊ असली तरी मुकी असते, आणि उच्चार बोलका असला तरी अल्पायुषी असतो. स्मृती दीर्घकाळ राखावयाची तर शिळा, सोहळा आणि लेख या तिहींची सांगड घालावी लागते. आपल्या देशातील अलीकडच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात या नियमाची प्रचीती ठायी ठायी येते.

रायगडची समाधी

छत्रपती शिवाजी महाराजांचे देहावसान ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाले व तेथेच त्यांची समाधी आहे. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफांचा मारा करून गड घेतला. वाडे जळाले, राजधानी ओस पडली आणि समाधीची आबाळ झाली. १८८३ साली डग्लस नामक इंग्रज ग्रंथकाराने आपल्या मुंबईविषयक ग्रंथात त्या दुर्दशेचे वर्णन केले, तेव्हा सुशिक्षित महाराष्ट्रीयांस त्याची लाज वाटली. तथापि महाराजांचे नाव लोकांच्या ओठांवरून गेले नव्हते. बखरी होत्या, शाहिरांचे पोवाडे होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली महाराजांवर स्वतः पोवाडा रचून प्रसिद्ध केला होता व त्यात रयतेचा, शेतकऱ्यांचा राजा उभा केला होता. शिळेची पडझड झाली होती, परंतु नामोच्चार अखंड चालू होता. समाधीचा पुढे उद्धार होऊ शकला तो त्या उच्चाराच्या बळावर.

१८९५ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून हा प्रश्न हाती घेतला. पुण्यास सभा झाली, स्मारक निधी निघाला व गावोगावहून लहानमोठ्या वर्गण्या येऊ लागल्या. १८९६ च्या एप्रिल महिन्यात रायगडावर उत्सव झाला. समाधीचे बांधकाम प्रत्यक्षात व्हावयास त्यानंतरही कित्येक वर्षे लागली; परंतु उत्सव सुरू झाला तो तत्काळ. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दगडी काम लांबले म्हणून स्मृतीचे काम अडले नाही. लोक जमले, भाषणे झाली, वर्तमानपत्रांतून ती घरोघर वाचली गेली, आणि जो राजा बखरीत होता तो स्वराज्याच्या आकांक्षेचा नायक झाला.

पुढचे वर्ष १८९७ चे. त्या वर्षीच्या जून महिन्यात पुण्यात दोन निरनिराळे सोहळे सुमारे दहा दिवसांच्या अंतराने झाले. पहिला शिवराज्याभिषेकाचा, लोकांनी साजरा केलेला. दुसरा २२ जून रोजीचा, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीस साठ वर्षे पूर्ण झाल्याबद्दल सरकारने साजरा केलेला. पुणेकर प्लेगाने व प्लेगाच्या बंदोबस्ताने गांजलेले होते. त्याच रात्री गणेशखिंडीतील समारंभाहून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पाठोपाठ, शिवोत्सवाच्या निमित्ताने ‘केसरी’त आलेल्या मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस १८ महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. रायगडावरील जीर्ण समाधीची सरकारला कधी धास्ती वाटली नव्हती. तिच्या नावाने माणसे एकत्र जमू लागली, तेव्हा ती वाटली. उत्सवाचे सामर्थ्य याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

परंतु याच प्रकरणी दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. फुल्यांच्या पोवाड्यातील महाराज व टिळकांच्या उत्सवातील महाराज हे अगदी एकच नव्हते. एकात शेतकऱ्याचे दुःख पुढे होते, दुसऱ्यात राष्ट्राचे पारतंत्र्य पुढे होते. दोघांच्याही हाती तोच पुरुष होता. प्रत्येकाने आपल्या काळाच्या गरजेप्रमाणे त्याच्या चरित्रातील एक बाजू प्रकाशात धरली. सोहळा जे दाखवितो त्याबरोबर काही झाकतोही. प्रकाश एका बाजूने पाडला की दुसऱ्या बाजूस सावली पडावयाचीच. म्हणून एकाच उत्सवावर ज्याचा इतिहास पोसला, त्याचे ज्ञान एकांगी राहते.

पुतळा तोच, अर्थ निराळा

उभारणाऱ्याच्या मनातील हेतू शिळेस फार काळ चिकटून राहत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. पुण्यास शिवाजीनगर भागात महाराजांचा जो भव्य अश्वारूढ पुतळा आहे, त्याच्या स्मारकासाठी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी पुष्कळ परिश्रम केले. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी त्याची कोनशिला इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते बसविण्यात आली. दोनच दिवसांपूर्वी, १७ नोव्हेंबर रोजी, हेच युवराज मुंबईस उतरले तेव्हा असहकाराच्या चळवळीने त्यांच्यावर बहिष्कार पुकारला होता व शहरात दंगली उसळल्या होत्या. कित्येकांस शिवस्मारकाची कोनशिला इंग्रज राजपुत्राच्या हातून बसावी हे रुचले नाही. शाहू महाराजांस पुतळा पाहण्याचे भाग्य लाभले नाही. १९२२ च्या मे महिन्यात ते निवर्तले. शिल्पकार विनायकराव करमरकर यांनी घडविलेल्या त्या पुतळ्याचे अनावरण १९२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झाले. आज त्या पुतळ्यापुढे नतमस्तक होणाऱ्या शंभरांपैकी किती जणांस त्या युवराजाचे अथवा गव्हर्नरचे नाव ठाऊक असेल? पाहणाऱ्यास तेथे केवळ शिवाजी महाराज दिसतात. राजपुत्राची मेहेरबानी कालौघात वाहून गेली, पुतळा उरला.

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ‘गेट वे ऑफ इंडिया’ या कमानीची कथाही अशीच आहे. पंचम जॉर्ज बादशहा व मेरी राणी १९११ साली भारतात आले, त्या आगमनाचे स्मारक म्हणून ती बांधली. १९२४ साली ती पुरी होऊन व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते खुली झाली. साम्राज्याचे वैभव अक्षय राहील, या विश्वासाने उभारलेली ती वास्तू. पुढे अवघ्या चोवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, स्वतंत्र भारतातून निघालेली इंग्रज सैन्याची अखेरची तुकडी त्याच कमानीखालून संचलन करीत बोटीकडे गेली. २६ जानेवारी १९६१ रोजी त्या कमानीच्या समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. कमानीचा एकही दगड हलला नाही. परंतु बादशहाच्या आगमनाची खूण ती इंग्रजांच्या निर्गमनाची खूण झाली.

लोकभाषेची स्मृती तर याहून गमतीदार. मुंबईच्या कोट भागात सातव्या एडवर्डचा, तो युवराज असताना घडविलेला, घोड्यावरील पुतळा १८७९ साली उभारण्यात आला. लोकांनी राजपुत्राकडे फारसे लक्ष न देता त्या जागेस ‘काळा घोडा’ म्हटले. १९६५ साली पुतळा तेथून हलवून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, स्वार गेला, तरी जागेचे नाव काळा घोडाच राहिले. अखेर २०१७ साली तेथे स्वाराविना एक नवा काळा घोडा बसविण्यात आला. सरकारने बसविले एक, लोकांनी लक्षात ठेविले दुसरे. आणि लोकांचे टिकले.

कधी कधी अनावरणाच्या क्षणीच एका स्मारकाचे दोन अर्थ समोरासमोर उभे ठाकतात. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांनी प्रतापगडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण केले. मुंबई राज्य तेव्हा द्विभाषिक होते व मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी धुमसत होती. संयुक्त महाराष्ट्र समितीने त्या दिवशी मोठी निदर्शने केली व हजारो माणसे काळी निशाणे घेऊन वाटेवर उभी राहिली. गडावर वंदन करणारे आणि गडाखाली निषेध करणारे, दोघेही महाराजांचाच जयजयकार करीत होते. एकास तेथे अखिल भारताचा वीरपुरुष दिसत होता, दुसऱ्यास महाराष्ट्राच्या न्याय्य हक्काचा कैवारी. अडीच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य झाले व तो वाद मिटला. पुतळ्यास दोन्ही मानवंदना पोचल्या असतील.

कोरेगावचा स्तंभ

आता ज्या स्मारकाविषयी बोलताना अनेकजण चाचरतात, त्याचाही विचार निर्मळ मनाने करू. पुण्यानजीक भीमेच्या काठी कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी कंपनी सरकारची तुकडी व पेशव्यांची फौज यांची लढाई झाली. कंपनीने १८२१ साली तेथे स्तंभाची पायाभरणी केली. परक्या सत्तेने आपल्या विजयाची खूण म्हणून उभारलेला तो दगड. तेवढेच असते तर तो इतर अनेक इंग्रजी स्तंभांप्रमाणे गवतात विस्मृत झाला असता. परंतु त्यावर लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील कित्येक नावांच्या शेवटी ‘नाक’ असे पद आहे, जे त्या काळी महार समाजातील पुरुषांच्या नावास लावीत असत.

ज्या समाजास गावकुसाबाहेर ठेविले होते, ज्याच्या पूर्वजांचे नाव कोणत्याही बखरीत मानाने लिहिले गेले नव्हते, त्याचे नाव येथे दगडावर, सर्वांसमान, कोरलेले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. तेव्हा शिवराम जानबा कांबळे प्रभृती पुढाऱ्यांनी आपल्या समाजाच्या लष्करी सेवेचा हवाला देऊन १९१० साली विलायतेत भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्तंभास भेट दिली. १९४१ साली महार पलटण पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिच्या बोधचिन्हात हाच स्तंभ होता. आज १ जानेवारीस तेथे लाखो माणसे येतात, ती कंपनीचा जय साजरा करावयास येत नाहीत. आपल्या पूर्वजांच्या अंगी पराक्रम होता व त्यांस माणुसकी नाकारणे अन्याय्य होते, याची ग्वाही त्या नावांतून त्यांस मिळते.

या स्तंभाविषयी मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. २०१८ साली, लढाईस दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, परिसरात हिंसाचार झाला व त्याचे पडसाद महाराष्ट्रभर उमटले, ही दुःखाची गोष्ट. एका लढाईत दोन्ही बाजूंस आपल्याच देशाची, निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे लढत होती, हे इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हांस सांगितले पाहिजे. परंतु एकाचे दुःख व एकाचा अभिमान समजून घेण्यापूर्वीच त्याच्याशी भांडावयास निघणे, हा इतिहासाचा अभ्यास नव्हे. शंभर-दोनशे वर्षांनी कोणत्या स्मारकापुढे कोण उभा राहील हे उभारणारा ठरवू शकत नाही. मात्र त्याने नावे प्रामाणिकपणे कोरून ठेविली, तर ज्यांचा हक्क आहे त्यांस तो कधी ना कधी मिळतो. कोरेगावचा हा धडा सर्व ज्ञातींनी घेण्यासारखा आहे.

राष्ट्रीय दिन व हुतात्मा चौक

राष्ट्रीय सणांचेही असेच आहे. २६ जानेवारी हा प्रजासत्ताक दिन का, असे पुष्कळांस विचारले तर ‘त्या दिवशी घटना अमलात आली’ एवढेच उत्तर मिळते. ते बरोबर आहे, पण अर्धे. घटना समितीने राज्यघटना स्वीकारली ती २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. ती पूर्णत्वाने अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी हा दिवस निवडला, कारण १९३० सालच्या त्याच दिवशी देशभर गावोगाव लोकांनी पूर्ण स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली होती. ज्यांनी ती प्रतिज्ञा घेऊन तुरुंग पाहिले, त्यांची ती आठवण होती. आज झेंडावंदन होते, मुलांस खाऊ मिळतो, कवायत होते. प्रतिज्ञेची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. सोहळा चालू राहतो आणि त्याचे कारण गळून पडते, असे हे उदाहरण आहे. त्याच वर्षी, १२ डिसेंबर १९३० रोजी, आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचा बाबू गेनू हा तरुण गिरणी कामगार काळबादेवी भागात परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला व तिच्याखाली चिरडून मरण पावला. त्याच्या मागे ना संपत्ती होती, ना घराण्याचे नाव. तो आज स्मरणात आहे, कारण ते नाव ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांनी ते त्याच वेळी लिहिले, उच्चारले व पुढे रस्त्यांस दिले.

मुंबईचे फ्लोरा फाउंटन हे कारंजे १८६४ सालचे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर तेथे गोळीबार झाला व त्या दिवशी १५ जणांनी प्राण गमावले. आंदोलन पुढे चालले, बळींची संख्या वाढत गेली. नंतर कारंज्याशेजारी हाती मशाल घेतलेल्या शेतकऱ्याचे व कामगाराचे शिल्प उभे राहिले व त्या जागेस हुतात्मा चौक हे नाव मिळाले. १ मे रोजी राज्याच्या वतीने तेथे पुष्पचक्र वाहिले जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्या दिवशीची भाषणे लक्षपूर्वक ऐकावीत. कोणी १०५ हुतात्मे म्हणतो, कोणी १०६, कोणी १०७. एवढ्या अलीकडच्या, वर्तमानपत्रांच्या व छायाचित्रांच्या काळात घडलेल्या गोष्टीत आपल्या तोंडी आकडा एक नाही. मग नावांची गोष्टच सोडा. त्यांपैकी दहा जणांची नावे अडखळल्यावाचून सांगेल, असा पदवीधर शोधावा लागेल. शिल्पातील शेतकरी व कामगार हे कोणा एकाचे चित्र नाही, ते सर्वांचे आहे. आणि म्हणूनच जोवर नावे उच्चारली जात नाहीत, तोवर वीरगळावरील निनावी वीराप्रमाणेच त्यांची गत होण्याचा धोका आहे.

आपले कर्तव्य

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. ज्ञातीच्या स्मारकाचा विचार करताना तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट, थोर पुरुषांची ज्ञातिवार वाटणी करू नये. गेल्या काही दशकांत अमुक संत आमचे, तमुक सेनापती आमचे, अशी ओढाताण सर्वत्र चालली आहे. जयंतीच्या मिरवणुका रस्त्यावर एकमेकींच्या आड येऊ लागल्या आहेत. ज्याने आपल्या जन्माच्या कुंपणाबाहेर पडून सर्वांसाठी देह झिजविला, त्यास पुन्हा त्याच कुंपणात आणून कोंडणे हा त्याचा गौरव नव्हे. त्याच ओघात पुराव्यावाचून वंशावळी जोडण्याचा मोहही टाळावा. आपल्या ज्ञातीचा मूळ पुरुष कोणा पुराणातील राजाच्या दरबारी होता, असे छापल्याने आपण मोठे होत नाही. आपल्या आजोबांनी कोणत्या सालच्या दुष्काळात गाव सोडले, कोणत्या गिरणीत, कोणत्या पेढीवर, कोणत्या बंदरावर कष्ट केले, वसतिगृहासाठी दारोदार फिरून कशा वर्गण्या मिळविल्या, हा आपला खरा इतिहास आहे व तो अभिमान वाटावा असाच आहे.

दुसरी गोष्ट, पुतळ्यापूर्वी नोंदवही करावी. ज्ञातीतील ज्या स्त्रीपुरुषांनी स्वातंत्र्याच्या लढ्यात, गोवामुक्तीच्या सत्याग्रहात अथवा संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात भाग घेतला, जे सैन्यात होते, ज्यांनी पहिली शाळा काढली, ज्या भगिनींनी विरोध सोसून शिक्षण घेतले, त्यांची नावे, गावे व वर्षे गोळा करावीत. यास वेळ फार थोडा उरला आहे. १९४२ चा लढा समजत्या वयात पाहिलेले लोक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. १९५६ साली जो तरुण वीस वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या घरात आहे. असा एखादा वृद्ध गेला म्हणजे त्याच्यासवे तुरुंगातील सोबत्यांची, मोर्चातील शेजाऱ्यांची, भाकरी बांधून देणाऱ्या बायकांची नावे कायमची जातात. पुतळा दहा वर्षांनीही घडविता येईल. ही नावे दहा वर्षांनी सांगावयास कोणी राहणार नाही.

या कामी पैसा फारसा लागत नाही. प्रत्येक विभागातील दोन तरुणांनी सुटीच्या दिवशी ज्येष्ठांच्या घरी जाऊन बसावे, ते सांगतील ते लिहून घ्यावे, हल्ली प्रत्येकाच्या खिशात असलेल्या दूरध्वनीवर त्यांचा आवाज साठवून ठेवावा. जुनी पत्रे, शिक्षेचे हुकूमनामे, प्रशस्तिपत्रे, छायाचित्रे यांच्या प्रती घ्याव्यात व मूळ कागद घरच्या घरीच परत करावेत. ऐकीव काय व कागदावरून सिद्ध झालेले काय, हे नोंदीत वेगळे दाखवावे. ज्या गोष्टीबद्दल घरातील दोघांचे म्हणणे जुळत नाही, तेथे दोन्ही म्हणणी लिहावीत. खोटी नोंद ही नोंद नसण्याहून वाईट, कारण पुढील पिढी तिच्यावर विश्वास ठेवते. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांचे अंकही ज्यांच्या माळ्यावर पडून असतील त्यांनी ते कार्यालयात द्यावेत. जाहिराती व देणगीदारांच्या याद्या यांतूनही ज्ञातीच्या उद्योगधंद्यांचा इतिहास हाती लागतो.

तिसरी गोष्ट, वार्षिक संमेलनात त्या नावांचे वाचन व्हावे. सध्या दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार व आभार यांतच अर्धा दिवस जातो. त्यातील दहा मिनिटे काढून, ज्ञातीतील शाळकरी मुलामुलींच्या तोंडून, दरवर्षी काही नावे व त्यांची दोन-दोन वाक्यांची हकीकत वाचून दाखवावी. ज्यांच्या घरी आजोबांचे वा आजीचे नाव वाचले जाईल, त्या घरातील मूल ते विसरणार नाही. आणि ज्यांच्या घरचे नाव त्या यादीत नाही, त्यांसही शेजाऱ्याच्या आजीचा अभिमान वाटू लागेल. ज्ञातीबाहेरच्या ज्या सज्जनांनी आपल्या माणसांस आश्रय दिला, शिकविले, तुरुंगात सोबत केली, त्यांचीही नावे त्याच यादीत असावीत. त्याविना ती यादी पुरी होणार नाही.

हे सर्व झाल्यावर सभागृहात शिळा बसवावयाची असेल तर अवश्य बसवावी. परंतु तिच्यावर कोनशिला बसविणाऱ्या पाहुण्यांचे नाव मोठ्या अक्षरांत व ज्यांचे स्मारक त्यांचे नाव बारीक अक्षरांत, असा सर्वत्र आढळणारा प्रकार आपल्याकडे होऊ नये. पुण्याच्या युवराजाचे काय झाले, ते वर सांगितलेच आहे.

पुढील वार्षिक संमेलनास येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील निदान एक नाव, गाव आणि साल एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून आणावे व कार्यवाहांच्या स्वाधीन करावे. शंभर कुटुंबे आली तर शंभर नावे होतील. ज्ञातीच्या स्मारकाचा पाया त्याच दिवशी घातला जाईल. ज्ञातिबंधुभगिनींस एवढी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.